स्पोर्ट्स कारसाठी नवी अलॉय आणि टायर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलो जीटी, व्हर्टस जीटी, ऑक्टाव्हिया व्हीआरएस अशा चपळ गाड्या चालवणारे आपल्याकडे बरेच आहेत. मस्टँग किंवा पोर्शा ७१८ केमन दारात असणारे थोडे. पण कंपनीची चाकं काढून बाहेरची घालायची ठरली की दोघांचे प्रश्न सारखेच असतात आणि सुरुवातही सारखीच होते: आधी डिझाइन आवडतं, मग ते गाडीला कसंबसं बसवायची खटपट सुरू होते. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी टायरचा साइज ठरवा, मग त्या टायरला आणि तुमच्या गाडीला साजेशी रिम शोधा. रंग आणि डिझाइन त्यानंतर. खालची बहुतेक उत्तरं याच क्रमातून निघालेली आहेत. हिशोबासाठी मी व्हर्टस जीटी घेतली आहे, कारण तिचे आकडे सरळ आहेत: टायर २०५/५५ आर १६, पीसीडी ५×१००, सेंटर बोअर ५७.१ मिमी. या शब्दांचे अर्थ पहिल्याच उत्तरात आहेत.

टायरवरचे आणि रिमवरचे आकडे कसे वाचायचे?

२०५/५५ आर १६ ९१ व्ही. यातले २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण ११३ मिमी. १६ हा रिमचा व्यास इंचात. ९१ हा लोड इंडेक्स, एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचं वेगमान.

रिमवर ७.५ जे × १७ ईटी ४० असं काहीतरी कोरलेलं असतं, बहुधा स्पोकच्या मागच्या बाजूला. ७.५ ही रिमची आतली रुंदी इंचात, जे ही रिमच्या कडेच्या आकाराची खूण, १७ व्यास, आणि ईटी म्हणजे ऑफसेट मिलिमीटरमध्ये (त्याबद्दल पुढे सविस्तर). पीसीडी ५×१०० याचा अर्थ पाच बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. सेंटर बोअर म्हणजे मधल्या भोकाचा व्यास.

एवढे आकडे तुमच्या मूळ चाकांवरून स्वतः उतरवून घ्या. दुकानदाराच्या तोंडी आठवणीवर किंवा इंटरनेटवरच्या तक्त्यावर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये ऑफसेट वेगळा असू शकतो.

माझ्या गाडीला किती इंचापर्यंत जाता येईल?

बसवायला १८ पण बसतील. प्रश्न असा आहे की त्या चाकांवर तुम्ही वर्षभर कुठे गाडी चालवणार.

व्हर्टसच्या मूळ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६३२ मिमी. रिम मोठी करताना हा व्यास तसाच ठेवायचा असतो, म्हणजे रिम जेवढी वाढेल तेवढी साइडवॉल कमी होणार. २२५/४५ आर १७ घेतला तर व्यास ६३४ मिमी, साइडवॉल १०१ मिमी. २२५/४० आर १८ घेतला तर व्यास ६३७, साइडवॉल फक्त ९०. व्यासाच्या दृष्टीने दोन्ही पर्याय बरोबर आहेत. पण १६ वरून १८ ला जाताना रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामधलं २३ मिमी रबर आणि हवा तुम्ही काढून टाकता.

आपल्या रस्त्यांवर ही उशी फार महत्त्वाची आहे. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर डांबरी पॅच सुरू होतो तिथे सरळ धार असते. पुलाचे एक्स्पान्शन जॉइंट, वर आलेली ड्रेनेजची झाकणं, रात्री न दिसणारे रंग उडालेले स्पीडब्रेकर. यातल्या कशावरही १८ इंची चाक जोरात आदळलं की साइडवॉल रिमच्या ओठात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि टायरच्या कडेला फुगा येतो. तो टायर गेला. त्याची दुरुस्ती होत नाही.

म्हणून मूळ १६ इंची गाडीला १७ ही माझ्या मते वरची मर्यादा. आणि ज्याचं निम्मं ड्रायव्हिंग गावाकडच्या रस्त्यांवर आहे त्याने १६ वरच राहून उत्तम दर्जाचा टायर आणि हलकी रिम घ्यावी. २२५/५० आर १६ चा व्यास मूळ टायरपेक्षा अर्धा मिलिमीटरच कमी आहे, साइडवॉल जवळपास तेवढीच राहते आणि रुंदी वाढते. गाडी पाहणाऱ्याला त्यात काही कळणार नाही, चालवणाऱ्याला नक्की कळेल.

बाहेरचा व्यास थोडा बदलला तर एवढं काय बिघडतं?

एक-दीड टक्का इकडेतिकडे चालतं. त्यापुढे गेलात की स्पीडोमीटर आणि ओडोमीटर चुकू लागतात, गिअरिंग लांब किंवा आखूड होतं, आणि एबीएस-ईएससी (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा) ज्या व्यासावर बेतलेलं असतं तो बदलतो. २१५/५० आर १७ घेतला तर व्यास ६४७ मिमी होतो, २.४ टक्के जास्त. आधी काट्यावर १०० दिसताना गाडी ज्या खऱ्या वेगाने धावत होती, त्यापेक्षा आता २.४ टक्के जास्त वेगाने धावेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची आणि समृद्धीवर १२० ची मर्यादा काटेकोर पाळणाऱ्याला हा फरक चलनात दिसू शकतो. शिवाय चाक त्रिज्येने ७ मिमी वाढलं की व्हील आर्चमधली तेवढी जागा गेली.

टायगुन किंवा कुशाकची १७ इंची चाकं व्हर्टस-स्लाव्हियाला चालतील का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचार योग्य दिशेचा आहे. एकाच प्लॅटफॉर्मवरच्या भावंड गाडीची कंपनीची चाकं म्हणजे पीसीडी, सेंटर बोअर आणि बोल्टची बैठक जुळलेली, भारासाठी तपासलेली, आणि नकली असण्याची भीती कमी. टायगुनवर मात्र २०५/५५ आर १७ टायर येतो, त्याचा व्यास ६५७ मिमी. व्हर्टसच्या टायरपेक्षा २५ मिमीने, म्हणजे चार टक्क्यांनी मोठा. तेव्हा रिम घ्या, टायर घेऊ नका. त्या रिमवर २०५/५० आर १७ बसवला की व्यास ६३७ वर येतो. ऑफसेट तेवढा तपासून घ्या.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, बरोबर?

कोरड्या, गरम रस्त्यावर एकाच प्रकारच्या रबराची तुलना केली तर बरोबर. पण रबराचा दर्जा रुंदीपेक्षा मोठा फरक पाडतो. चांगल्या कंपनीचा २०५ चा स्पोर्ट टायर स्वस्तातल्या २२५ ला वळणावर आणि ब्रेकिंगमध्ये मागे टाकतो, ओल्या रस्त्यावर तर फारच.

ओल्याचं वेगळं सांगायला हवं. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला ढकलावं लागतं. जुलैमध्ये ताम्हिणी किंवा आंबोली घाटात रस्त्यावरून पाट वाहत असतात. तिथे झिजलेला रुंद टायर अरुंद टायरच्या आधी पाण्यावर तरंगू लागतो, आणि एकदा तरंगला की स्टिअरिंग हलकं पडतं, ब्रेकचाही उपयोग राहत नाही. कायद्याने खोबणीची खोली किमान १.६ मिमी हवी. घाटात जाणाऱ्या रुंद टायरसाठी मी ३ मिमीच्या खाली थांबत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तेवढीच खोली उरली असेल तर टायर मे महिन्यातच बदलावेत.

कोणत्या रुंदीच्या रिमवर कोणता टायर?

टायर बनवणाऱ्यांनी प्रत्येक साइजला रिमच्या रुंदीची मर्यादा ठरवून दिलेली असते. २०५/५५ आर १६ ला ५.५ ते ७.५ इंच, २२५/४५ आर १७ ला ७ ते ८.५, २२५/४० आर १८ ला ७.५ ते ९. मधला आकडा घ्या. २२५/४५ आर १७ ला साडेसात इंची रिम घेतली की साइडवॉल सरळ उभी राहते आणि स्टिअरिंगला लगेच प्रतिसाद मिळतो.

अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची फॅशन आहे. फोटोत ती उठून दिसते. त्यात रिमची कड टायरच्या बाहेर डोकावते आणि खड्डा थेट धातूवर बसतो. वळणात टायरचा बीड, म्हणजे रिमला घट्ट धरणारी आतली कड, रिमवरून सुटण्याचा धोकाही असतो. कृपया करू नका.

ऑफसेट नेमका काय आणि तो चुकला तर काय होतं?

रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने आवळतात त्याला) टेकणारी रिमची चकती यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा जेवढा मोठा, तेवढं चाक गाडीच्या आत. आकडा लहान झाला की चाक बाहेर येतं. लोक ऑफसेट एकटाच बघतात. रुंदी बदलली की तोच ऑफसेट वेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवतो, म्हणून दोन्ही एकत्र मोजायला हवेत.

समजा मूळ रिमवर ६ जे ईटी ४० कोरलं आहे. सहा इंच म्हणजे १५२.४ मिमी, निम्मे ७६.२. हबच्या पृष्ठभागापासून आतली कड ७६.२ अधिक ४० म्हणजे ११६.२ मिमी आत, आणि बाहेरची कड ७६.२ वजा ४० म्हणजे ३६.२ मिमी बाहेर.

आता ७.५ जे ईटी ४५ घ्या. निम्मी रुंदी ९५.२५. आतली कड १४०.२५, बाहेरची ५०.२५. म्हणजे चाक आतल्या बाजूला २४ मिमीने स्ट्रटकडे (सस्पेन्शनच्या उभ्या खांबाकडे) सरकलं आणि बाहेर १४ मिमीने. तीच रिम ईटी ३५ मध्ये घेतली तर उलट होतं: आत १४, बाहेर २४. ७ जे ईटी ४० घेतली तर दोन्हीकडे सारखी, १२.७ मिमीने वाढते.

आत फार गेलं तर टायर स्ट्रटला किंवा स्प्रिंगच्या बैठकीला घासतो. स्ट्रटला रोज घासणारा टायर आतून कापला जातो आणि ते बाहेरून दिसत नाही. बाहेर फार आलं तर भरल्या गाडीत मागचा फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, टायरवर बसतो. त्याखेरीज चाक बाहेर आलं की बेअरिंगवरची तरफ वाढते आणि स्टिअरिंगची जॉमेट्री बदलते: खडबडीत रस्त्यावर आणि जोरात ब्रेक लावताना स्टिअरिंग हातात ओढलं जातं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या ताकदवान गाडीत हे फार जाणवतं. म्हणून व्हीआरएस किंवा पोलो जीटीला चाक फेंडरच्या कडेला आणण्याच्या नादात ऑफसेट १५-२० ने उतरवू नये. मूळच्या जवळ राहा.

विकत घेण्याआधी बसेल की घासेल हे कसं कळणार?

गाडी जॅकवर घ्या, मूळ चाक लावलेलं असतानाच आतून स्ट्रटपर्यंत किती मिलिमीटर जागा आहे ती मोजा. पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मोजा. वरच्या हिशोबाने चाक आत किती सरकणार ते काढा आणि किमान ५ मिमी शिल्लक राहतात का बघा. बाहेरच्या बाजूला फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडला की टायर किती आत आहे ते दिसतं.

नंतर दुकानात एक चाक तरी प्रत्यक्ष लावून पाहा. टायर न चढवता नुसती रिम लावली तरी ब्रेक कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) आणि स्पोक यांच्यातली फट कळते. कॅलिपरची अडचण बहुतेक वेळा स्पोकच्या आतल्या वळणाची असते, ऑफसेटच्या आकड्यावरून ती समजत नाही. मोठे ब्रेक लावले असतील तर हे टाळताच येणार नाही.

टायर चढवल्यावर मागच्या सीटवर तिघांना बसवा, डिकीत वजन ठेवा आणि एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून तिरकी गाडी घाला. रिकाम्या गाडीत न घासणारं चाक दिवाळीला चार जण आणि बॅगा घेऊन गावी निघालं की घासतं. आणि एकदा टायर चढले की दुकानदार रिम परत घेत नाही, म्हणून लावून बघण्याची बोली आधीच करून ठेवा.

पीसीडी जुळत नाही. दुकानदार म्हणतो, होल मोठे करून देतो.

उठून निघून या. १०० आणि ११२ तर जमणारच नाहीत. पण ९८ ची रिम १०० वर ओढून बसवणारे आहेत, त्यात बोल्ट तिरपा बसतो आणि वापरता वापरता सैल होतो. रिमला नवी भोकं पाडली की जिथे सगळ्यात जास्त ताण येतो तिथलाच धातू कमी होतो. दुहेरी भोकांच्या मल्टि-पीसीडी रिमा कारखान्यातून तशाच आलेल्या असतात, त्या वापरता येतात, पण स्पोर्ट्स कारवर मी घालणार नाही.

सेंटर बोअर मोठा आहे, हब रिंग लागेल का?

लागेल. बाहेरच्या रिमांचा बोअर बहुधा ७३.१ मिमी ठेवलेला असतो म्हणजे अनेक गाड्यांना चालावी. व्हर्टसचा हब ५७.१, केमनचा ७१.६. मधली जागा भरणारी रिंग नसेल तर चाक फक्त बोल्टच्या भरवशावर मध्यावर येतं, आणि थोडं जरी सरकलं तरी ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. लोक मग चार वेळा बॅलन्सिंग करतात. अॅल्युमिनियमची रिंग घ्या. प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडते. रिमचा बोअर हबपेक्षा लहान असेल तर मात्र विषय संपला, ती रिम घेऊ नका.

मूळचेच बोल्ट वापरले तर?

इथे माणसं सर्वांत निष्काळजी असतात, आणि चाक निखळण्यामागे हेच कारण निघू शकतं. फोक्सवॅगन गटाच्या मूळ रिममध्ये बोल्टची बैठक गोलाकार असते. बाहेरच्या बहुतेक रिममध्ये ती ६० अंशांच्या शंकूसारखी. गोल डोक्याचा बोल्ट शंकूच्या बैठकीत घातला तर तो फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) पूर्ण आकडा दाखवतो, तरी पकड अपुरी असते. त्या रिमसाठीच नवे बोल्ट घ्या.

लांबीही बघा. एम १४ × १.५ चा बोल्ट हाताने फिरवताना किमान साडेसात-आठ पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. फार लांब झाला तर मागे निघून एबीएसच्या किंवा ब्रेकच्या भागांना लागतो.

घट्ट करताना टॉर्क रेंचच वापरायचा, ताऱ्याच्या क्रमाने. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो: पोलोला १२० न्यूटन मीटर, केमनला १६०. हवेच्या गनने आवळणाऱ्याला शेवटचं आवळणं हाताने करायला सांगा. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

स्पेसर चालतील का?

स्पेसर म्हणजे चाक बाहेर आणण्यासाठी हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती. हबला मध्यावर पकडणारे, चांगल्या मशीनिंगचे आणि त्यांच्या जाडीएवढे लांब बोल्ट असलेले चालतात. दुकानात मिळणाऱ्या ३-५ मिमीच्या नुसत्या चकत्या नकोत. त्या हबचा ओठ झाकतात आणि चाक पुन्हा बोल्टच्या भरवशावर येतं. योग्य ऑफसेटची रिम मिळत असताना स्पेसरची गरज का पडावी, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

मागे रुंद आणि पुढे अरुंद चाकं घालावीत का?

गाडी तशीच आली असेल तर तशीच ठेवा. ७१८ केमनला १८ इंचात पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५ येतात, रिम ८ आणि ९.५ इंची. इंजिन मध्ये, ताकद मागच्या चाकांना, वजनाचा भार मागे, म्हणून ते प्रमाण बेतलेलं आहे. अशा गाडीला चारही चाकं एकाच रुंदीची घातली तर मागची बाजू लवकर सुटू लागते. पोर्शात टायरच्या कडेवर एन अक्षराची खूण असलेलेच घ्यावेत, कारण तो टायर त्या गाडीसाठी जुळवलेला असतो. भारतात ते ऑर्डर करून मागवावे लागतात, वेळ जातो, तरी थांबा.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या व्हर्टस-व्हीआरएसला मागे रुंद टायर घालण्यात अर्थ नाही. गाडी आधीच वळणात पुढून सरळ निघू पाहते, त्यात मागची पकड वाढवली की ती आणखी हट्टी होते. टायर आलटून-पालटून लावायची सोयही जाते.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत एक गोष्ट कडक पाळायची: चारही टायरचा घेर सारखा हवा, झिजही साधारण सारखी. दोन नवे आणि दोन अर्धे झिजलेले घातले तर मधलं क्लच-कपलिंग सतत काम करत राहतं आणि गरम होतं.

कास्ट, फ्लो फॉर्म, फोर्ज्ड यात खरंच एवढा फरक आहे?

आहे. साध्या कास्टिंगमध्ये वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात ओततात. फ्लो फॉर्ममध्ये मधला भाग कास्ट करून बाहेरचं कडं गरम असताना रोलरने दाबत पातळ आणि लांब ओढतात, त्यामुळे तो भाग घट्ट होतो आणि कमी धातूत तेवढीच ताकद मिळते. फोर्ज्ड रिम पूर्ण दाबून घडवलेली, सर्वांत हलकी आणि कणखर, आणि किंमतही त्याच मानाने.

चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते कमी झालं की डॅम्परला (शॉक अॅब्सॉर्बरला) चाक रस्त्यावर टेकवून ठेवणं सोपं जातं, घाटातल्या उखडलेल्या वळणावर गाडी उडत नाही. फिरणारं वजन जेवढं मध्यापासून दूर, तेवढं ते फिरवायला आणि थांबवायला जड. म्हणून मोठी, जड १८ इंची स्वस्त रिम घातलेली गाडी मूळ १६ पेक्षा मंद वाटते, आणि लोक इंजिनात दोष शोधत बसतात. दुकानात वजनकाटा मागा. मूळ चाक आणि नवी रिम दोन्ही वजन करून बघा. फ्लो फॉर्म हा आपल्या रस्त्यांसाठी पैशाचा उत्तम मेळ आहे.

रेप्लिका ओळखायच्या कशा?

नावाजलेल्या जपानी-युरोपीय डिझाइनची हुबेहूब नक्कल रस्त्यावर सर्रास दिसते. रिमच्या मागे जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए ही जपानी मानकाची खूण, आणि कमाल भार किलोमध्ये कोरलेला आहे का बघा. भाराचा आकडाच नसेल तर घेऊ नका. गाडीच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर पुढच्या-मागच्या अॅक्सलचा कमाल भार दिलेला असतो. त्याच्या निम्म्यापेक्षा रिमची क्षमता बरीच जास्त हवी. खुणासुद्धा खोट्या कोरता येतात, म्हणून बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. चांगली चाकं आपल्याच भागात बनतात: एन्काई या जपानी कंपनीचा भारतातला कारखाना पुण्याजवळ शिक्रापूरला आहे.

टायर निवडताना ब्रँडशिवाय काय बघायचं?

लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी नको. ९१ होता तर ९१ किंवा वर. वेगमानही खाली आणू नका. कडेवरचे चार आकडे बघा: २३२५ म्हणजे २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. वर्षाहून जुना माल असेल तर भाव पाडून मागा, दोन वर्षांहून जुना असेल तर घेऊच नका. आयएसआय खूण हवीच. २०२० च्या जूनपासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आहे. त्यामुळे काही स्पोर्ट साइज अचानक बाजारातून गायब होतात. रिम घेण्याआधी त्या साइजचे निदान दोन-तीन चांगले टायर आज शहरात मिळतात का, हे फोन करून विचारा. रस्त्यात एक टायर फाटला आणि जोडीदार मिळायला महिना लागला तर गाडी उभी राहील.

नव्या साइजला हवा किती भरायची?

जुनाच आकडा सरसकट चालत नाही. कमी साइडवॉलचे टायर बहुधा एक्स्ट्रा लोड प्रकारचे असतात आणि तेवढाच भार पेलायला त्यांना जास्त दाब लागतो. व्हर्टसच्या २०५/५५ आर १६ ९१ ऐवजी २२५/४५ आर १७ ९४ एक्स्ट्रा लोड घातला तर एक-दोन पीएसआय जास्त, २२५/४० आर १८ ९२ एक्स्ट्रा लोड घातला तर सुमारे चार. थंड टायरमध्ये मोजा. कमी हवेचा लो-प्रोफाइल टायर पहिल्याच खड्ड्यात जातो. नायट्रोजनची हौस असेल तर भरा, साधी हवा दर पंधरा दिवसांनी तपासली तरी पुरते.

आरटीओ आणि विमा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. फेंडरच्या बाहेर आलेली चाकं पोलिसांच्या आणि पासिंगच्या वेळी निरीक्षकाच्या डोळ्यांत लगेच भरतात. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेला साइज सगळ्यात सुरक्षित.

विमा कंपनीला नवी अलॉय लेखी कळवा, बिल जोडा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. न कळवलेल्या चाकांची भरपाई मागताना हात हलवत परत यावं लागतं.

मी जर्मनीत राहतो. तिथे काय वेगळं?

तिथे कागद आधी, चाक नंतर. रिमसोबत तुमच्या मॉडेलसाठीचा एबीई परवाना किंवा टाइलेगुटाख्टन नावाचा तपासणी अहवाल हवा. अहवाल असेल तर बसवल्यावर टीयूव्हीसारख्या संस्थेकडून गाडी तपासून घ्यावी लागते. त्या कागदातच कोणता टायर, कोणता ऑफसेट, फेंडरला काय करायचं हे लिहिलेलं असतं. हिवाळ्यातल्या टायरसाठी वेगळ्या, लहान व्यासाच्या रिमा ठेवणं तिथे शहाणपणाचं.

बसवल्यानंतर लगेच काय करायचं?

चारही चाकांचं अलाइनमेंट, आणि बॅलन्सिंगची वजनं स्पोकच्या मागे चिकटवलेली आहेत का ते बघा. हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा रीसेट करा. केमनसारख्या गाडीत सेन्सर चाकाच्या आत असतात, ते नव्या रिममध्ये हलवावे लागतात. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सावकाश जा, नव्या रबरावरचा साच्याचा थर निघायला तेवढं अंतर लागतं.

खड्ड्यात रिम वाकली तर सरळ करून घ्यावी का?

आतल्या ओठाला थोडा बाक असेल तर चांगल्या दुकानात सरळ होते. तडा गेला असेल आणि तो स्पोकवर किंवा बीड बसतो त्या जागी असेल तर वेल्डिंग करू नका, रिम बदला. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि पुढचा तडा तिथेच जातो, बहुतेक वेळा वेगात.

जुनी चाकं विकून टाकू का?

ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाइकाला मूळ चाकंच हवी असतात. वॉरंटीच्या कामाला सर्व्हिस सेंटरमध्ये जाताना लावता येतात. पावसाळ्यात त्यांच्यावर चांगल्या खोबणीचे टायर घालून तीच वापरणारे मला माहीत आहेत, आणि त्यांच्या महागड्या रिमा वर्षानुवर्षं सरळ राहतात. मूळ बोल्टही एका डब्यात, त्याच चाकांसोबत ठेवा. डिकीतली स्टेपनी मूळ प्रकारच्या बैठकीची असेल तर तिला तेच बोल्ट लागतील, म्हणून त्यातले पाच डिकीत असू द्या.